चाळीस ओळींचं पासवर्ड-यंत्र : अजून काय छाटू?

कर्सर_लुकलुक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

कामाच्या ओघात मला दिवसातून दोन-तीनदा नवा पासवर्ड लागतो. कधी डेटाबेससाठी, कधी चाचणीच्या खात्यासाठी, कधी एखाद्या राउटरसाठी. त्यासाठी ब्राउझर उघडून कुठल्यातरी संकेतस्थळाकडून पासवर्ड मागून घेणं मला पटत नाही. त्या पानामागे काय चाललंय ते आपल्याला कुठे दिसतं? म्हणून सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि नाव ठेवलं 'खूण'. टर्मिनलवर खूण टंकलं की सोळा अक्षरं छापतो आणि गप्प बसतो. खूण २४ टंकलं तर चोवीस. मोठी-छोटी इंग्रजी अक्षरं आणि अंक, बस. रंग नाहीत, कॉन्फिग फाइल नाही, मदतीचं पान नाही.

चाळीस ओळी झाल्या. मित्रांना दाखवला आणि मागण्यांची रांग लागली. चिन्हं हवीत, उच्चारता येणारे पासवर्ड हवेत, थेट क्लिपबोर्डवर जायला हवा, ताकद दाखवणारी हिरवी-लाल पट्टी हवी. एक जण तर म्हणाला, "पाच पासवर्ड दाखव, मी त्यातला आवडेल तो घेईन."

तर प्रश्न असा : यातलं काय खरंच घालण्याजोगं आहे? आणि काहीच घालू नये असं वाटत असेल, तर अजून काय काढता येईल?

पाईपवाला

चाळीस ओळी? मी एका ओळीत करतो. यूरँडममधून (डेव्ह फोल्डरातली, यादृच्छिक बाइट पुरवणारी फाइल) बाइट सोडायचे, टीआरने अक्षरं-अंक सोडून बाकीचं गाळायचं, हेडने सोळावर कापायचं. सगळी अवजारं आधीपासून मशीनवर आहेत. संपला धागा.

अर्धविराम

+१ पाईपवाला. अवांतर : मॅकवर हीच ओळ 'इल्लीगल बाइट सीक्वेन्स' म्हणून रुसते. आधी एलसी_ऑल=सी लावा म्हणजे चालेल.

शून्यवादी

मी वर्षानुवर्षं डेट आज्ञेचं आउटपुट एमडी५ मधून (कोणत्याही मजकुराचा बत्तीस अक्षरी ठसा, म्हणजे हॅश, काढणारी आज्ञा) काढतो. बत्तीस अक्षरांचा अगडबंब पासवर्ड मिळतो. ओळीत फक्त दोन शब्द. पाईपवाले, हरलात.

मूळ_वापरकर्ता

@शून्यवादी, अहो, थांबा जरा. बत्तीस अक्षरं दिसतात हो, पण ती येतात कुठून? तारीख आणि वेळ यातून. वर्षात ३,१५,३६,००० सेकंद. म्हणजे पासवर्ड कोणत्या वर्षी बनवला एवढं ठाऊक असलं की शक्यता उरतात फक्त तेवढ्याच, जेमतेम २५ बिट (म्हणजे दोनाचा पंचविसावा घात). साधा लॅपटॉप सव्वातीन कोटी एमडी५ बसल्या बसल्या काढतो. लांबी ही वेशभूषा झाली, आत माणूस तोच.

बॅशमधला (टर्मिनलवर आज्ञा चालवणारा शेल) रँडम वापरणाऱ्यांनाही हेच सांगणं. तो ० ते ३२७६७ एवढाच आकडा देतो. एकदाच घेऊन त्याचं काहीही केलंत तरी शक्यता ३२७६८ च्या वर जाणार नाहीत.

हे नुसतं पुस्तकी समजू नका. २००८ साली डेबियन लिनक्सच्या ओपनएसएसएलमध्ये (गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीत) नेमकं हेच उघडकीला आलं होतं. २००६ मध्ये एका दुरुस्तीत यादृच्छिकता गोळा करणारी ओळ काढली गेली आणि बदलता घटक म्हणून उरला तो प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे पुन्हा तेच ३२ हजार. दोन वर्षं त्यातून बनलेल्या किल्ल्या बाहेरून अगदी ठणठणीत दिसत होत्या.

शून्यवादी

बाप रे. मी आता काही काळ वाचनमात्र.

सुमेधा_संकलक

@कर्सर_लुकलुक, कल्पना आवडली, पण एक विचारते. बाइट मिळाल्यावर त्यातून अक्षर कसं निवडता?

कर्सर_लुकलुक

सुमेधाताई, सोपं आहे. यूरँडममधून एक बाइट घेतो, ६२ ने भागतो, बाकी येईल त्या क्रमांकाचं अक्षर. यादी छोटा ए ते झेड, मोठा ए ते झेड, मग अंक.

सुमेधा_संकलक

मला तेच वाटलं होतं. बाइटच्या किमती २५६. त्यात ६२ चार वेळा जातात, म्हणजे २४८, आणि उरतात ८. हे उरलेले आठ तुमच्या यादीतल्या पहिल्या आठ अक्षरांच्या वाट्याला जातात. म्हणून छोटा ए ते एच ही अक्षरं २५६ पैकी ५ वेळा येतात आणि बाकी सगळी ४ वेळा. तुमचं यंत्र पहिल्या बाकावरच्या आठ जणांचे लाड करतंय.

उपाय सोपा आहे. बाइट २४८ किंवा त्याहून मोठा आला की फेकून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. गंमत म्हणजे पाईपवाल्यांच्या ओळीत ही चूक नाही, कारण टीआर नको ते बाइट गाळून टाकतो, कोणालाही भागाकार करून आत घुसवत नाही.

पाईपवाला

(कॉलर ताठ करून) ऐकलं का सगळ्यांनी?

कर्सर_लुकलुक

आत्ताच दहा लाख अक्षरं काढून मोजली. पहिली आठ अक्षरं प्रत्येकी १.९५ टक्क्यांच्या आसपास, बाकीची १.५६ च्या. लाज वाटली. दुरुस्त करतो.

बिटकाका

लाज वाटायचं काही कारण नाही. मी हिशेब केला. निर्दोष निवडीत अक्षरामागे ५.९५४ बिट मिळतात, तुमच्या लाडावलेल्या निवडीत ५.९५०. सोळा अक्षरांत मिळून एका बिटाचा दहावा भागसुद्धा जात नाही. ६२ चा सोळावा घात म्हणजे साधारण ४.८ गुणिले दहाचा अठ्ठाविसावा घात. सेकंदाला एक लाख कोटी अंदाज करणारा कोणी धरला, तरी निम्मी शक्यता चाळायला त्याला सुमारे ७५ कोटी वर्षं लागतील. तुमच्या चुकीमुळे त्यातली काही वर्षं वाचली तरी त्याला फार आनंद होईल असं वाटत नाही.

सुमेधा_संकलक

काका, हिशेब बरोबर, पण निष्कर्षाशी असहमत. चूक किती महाग पडते हे आपण मोजू शकलो, कारण ती लहान निघाली. हीच सवय घेऊन उद्या कोणी ४ अंकी पिन काढेल किंवा २०० शब्दांच्या यादीतून एक बाइट वापरून शब्द निवडेल. तिथे पहिले ५६ शब्द दुप्पट वेळा येतील. आणि आपण बोलतोय ते एकच काम करणाऱ्या प्रोग्रामबद्दल. एकुलतं एक काम, तेही तिरकं?

बिटकाका

हे मात्र मान्य. शेवटच्या वाक्याला दंडवत.

मूळ_वापरकर्ता

सुमेधा_संकलक यांनी आठवण करून दिलीच आहे तर अजून एक. तुम्ही यूरँडमची फाइल उघडता, तेव्हा ती उघडली की नाही हे तपासता का?

माझाच किस्सा. क्रूटमध्ये, म्हणजे एका फोल्डरात कोंडलेल्या, जिथे यूरँडमचं ते डेव्ह फोल्डरच नव्हतं अशा ठिकाणी, माझा असाच एक घरगुती प्रोग्राम चालवला. फाइल उघडली नाही, मी तपासलं नाही, बफर शून्यांनी भरलेला. प्रोग्रामने अत्यंत आत्मविश्वासाने सोळा वेळा 'ए' छापला. स्क्रिप्टमधून चालत असल्याने कोणी डोळ्यांनी पाहिलाही नाही. तीन आठवडे तो पासवर्ड चालू होता.

तेव्हापासून फाइल उघडायची भानगडच नको म्हणून गेटरँडम किंवा गेटएन्ट्रॉपी वापरतो. लिनक्समध्ये गेटरँडम ३.१७ पासून म्हणजे २०१४ पासून आहे. फाइल नाही, डिस्क्रिप्टर नाही, थेट कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) विचारायचं. गेटएन्ट्रॉपी एका वेळी २५६ बाइटच देतं, पण आपल्याला तेवढे लागतात कुठे?

आणि काहीही झालं तरी परतावा (काम झालं की फसलं ते सांगणारी परत आलेली किंमत) तपासा!

खोडरबर

सोळा वेळा 'ए' =)) =))
पण शक्यतेच्या दृष्टीने तोही बाकीच्यांइतकाच संभवनीय पासवर्ड आहे हां. (हलके घ्या.)

नव्याने_शिकतेय

मध्येच विचारते, माफ करा. यूरँडम आणि रँडम या दोन फाइलींत चांगली कोणती? मला सांगितलं होतं की रँडम खरा आणि यूरँडम नकली, म्हणून महत्त्वाच्या कामाला रँडमच वापरावा.

मूळ_वापरकर्ता

ही दंतकथा बरीच जुनी आहे. पूर्वी लिनक्समधला रँडम 'साठा संपला' म्हणून अडून बसायचा, आणि जो अडून बसतो तो जास्त प्रामाणिक असं लोकांना वाटायचं. खरं तर दोघांच्या मागे यंत्रणा तीच. एकदा कर्नलमध्ये यादृच्छिकतेची सुरुवातीची भरणी नीट झाली की मग त्यातून कितीही काढा, आटत नाही. लिनक्स ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, रँडमनेही एकदा भरणी झाल्यावर अडणं सोडलं. खरी काळजी असते ती मशीन नुकतंच सुरू होत असताना. गेटरँडम तिथे भरणी होईपर्यंत थांबतं, यूरँडमची फाइल थांबेलच असं नाही. गेटरँडमच्या बाजूने माझं हे दुसरं मत.

चिन्हप्रेमी

तांत्रिक चर्चा झकास, पण धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे कोणी बघेल का? माझं मत : चिन्हं हवीतच. डॉलर, टक्का, आश्चर्य, सगळं. ६२ ऐवजी ९४ अक्षरं झाली की ताकद वाढते.

पाईपवाला

चिन्हांचं नाव काढू नका. मी पोळलोय.

टीआरच्या यादीत शेवटी अधिक, वजा, बरोबर अशी तीन चिन्हं घातली होती. टीआरला मधली वजाची रेघ म्हणजे 'पासून-पर्यंत' वाटते. त्यामुळे अधिकपासून बरोबरपर्यंतचं सगळं आत आलं : स्वल्पविराम, टिंब, तिरकी रेघ, अपूर्णविराम, अर्धविराम (सदस्य नव्हे), पेक्षा-लहानची खूण. मला पत्ताच नाही. पासवर्डमध्ये तिरकी रेघ आली, तो पासवर्ड डेटाबेसच्या यूआरएलमध्ये गेला, आणि त्रुटी काय आली? 'पोर्ट क्रमांक चुकीचा आहे.' दोन माणसं दीड दिवस पोर्ट बघत होती.

अर्धविराम

मी आत आलो याबद्दल दिलगीर आहे.

मूळ_वापरकर्ता

त्यात भर घालतो. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी चालवायच्या आज्ञांची यादी) टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. बॅशमध्ये दुहेरी अवतरणात आश्चर्यचिन्ह टंकलं की तो जुन्या आज्ञा उकरायला लागतो. डॉलर दिसला की त्याला व्हेरिएबल वाटतं. काही कॉन्फिग फाइलींत हॅशच्या पुढचं सगळं टीप समजून सोडून देतात, म्हणजे वीस अक्षरांचा पासवर्ड गुपचूप सात अक्षरांचा होतो. आणि सुरुवातीलाच वजाची रेघ आली तर पुढच्या आज्ञेला तो ऑप्शन वाटतो.

बिटकाका

@चिन्हप्रेमी, आकड्यात सांगतो. ९४ अक्षरांच्या यादीतून अक्षरामागे ६.५५ बिट, ६२ मधून ५.९५. सोळा अक्षरांत फरक साडेनऊ बिटांचा. तोच फरक चिन्हं न घेता दोन अक्षरं जास्त घेतली की भरून निघतो. दोन अक्षरं टंकायची की वरची सगळी यादवी सांभाळायची, तुम्हीच ठरवा.

चिन्हप्रेमी

हिशेब मान्य, पण ज्या संकेतस्थळावर 'किमान एक चिन्ह, एक मोठं अक्षर, एक अंक' असं दटावतात तिथे काय करू? तिथे बिट दाखवून भांडू?

खोडरबर

मी तिथे मूळ पासवर्डच्या शेवटी नेहमी तेच मोठा ए, १ आणि आश्चर्यचिन्ह डकवतो. नियम खूश, मी खूश.

चिन्हप्रेमी

पण मग ते तीन अक्षरं सगळ्यांना माहीतच झाली की!

सुमेधा_संकलक

होऊ देत. आधीची वीस यादृच्छिक असतील तर माहीत असलेलं शेपूट जोडल्याने त्यांचं काहीच कमी होत नाही. शेपटाला ताकद नाही, पण ते ताकद खातही नाही. वाईट पद्धत वेगळीच असते : आहे त्या आठ अक्षरांतलंच पहिलं मोठं आणि शेवटचा अंक असं ठरवून टाकणं. तिथे तुम्ही जागा अडवता.

आणि हे नियम यादृच्छिक पासवर्डलाच जास्त छळतात. ६२ च्या यादीतून आठ अक्षरं काढली तर साधारण २४ टक्के वेळा त्यात अंकच नसतो. सोळा काढली तरी ६ टक्के वेळा नसतो. बिचारा अस्सल पासवर्ड नापास, आणि कुणाच्या नावापुढे १२३ पास. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत असे मिसळणीचे नियम लादू नका आणि कारण नसताना ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नका असं स्पष्ट लिहिलंय. वाचतो कोण?

नव्याने_शिकतेय

मग 'पाच दाखव, त्यातला आवडेल तो घेतो' यात काय वाईट आहे? पाचही यादृच्छिकच असतील ना?

बिटकाका

पाचातला एक निवडल्याने फार तर सुमारे २.३ बिटांचं नुकसान. सोळा अक्षरांना ते झेपतं. पण माणूस निवडतो म्हणजे 'सोपा दिसणारा' निवडतो. पाच असतील तोवर ठीक, पन्नास दिले तर लोक शोधून शोधून स्वतःच्या नावासारखा दिसणारा काढतील.

पीडब्ल्यूजेन हे जुनं अवजार पडदाभर पासवर्ड दाखवतं. त्यामागचं कारण वेगळं आहे : मागून कोणी बघत असेल तर त्याला तुम्ही कोणता उचललात ते कळू नये. त्याचे पासवर्ड मुळात उच्चारता येतील असे असतात, पूर्ण यादृच्छिक हवे असतील तर एसचा फ्लॅग द्यावा लागतो.

काकदृष्टी

सगळे पासवर्ड इंग्रजीतच का? देवनागरीत काढा की. एवढी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा. कोणाचा बाप फोडणार नाही.

सुमेधा_संकलक

फोडणारा बाजूला राहू द्या, तुम्हालाच आत जाता येणार नाही! 'तऱ्हा' घ्या. यातला ऱ एका कोडने लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन कोडनी. काही जुने कीबोर्ड र, हलन्त आणि अदृश्य जोडणी वापरून तोच आकार काढतात. पडद्यावर सगळं सारखं, आतले बाइट निराळे, म्हणून हॅशही निराळा. एका मशीनवर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्यावर 'चुकीचा' ठरेल आणि तुम्ही डोळे चोळत बसाल.

शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. बीक्रिप्ट (पासवर्ड हॅश करून साठवायची पद्धत) पहिल्या ७२ बाइटांपुढचं बघतच नाही. म्हणजे चोवीस चिन्हांनंतर तुम्ही काहीही टंका, चालून जाईल.

काकदृष्टी

'तऱ्हा'ची ही तऱ्हा माहीत नव्हती. सूचना मागे.

अर्धविराम

पण मराठी शब्दांची यादी करायला काय हरकत आहे? रोमन लिपीत टंकायची. डाइसवेअरची पद्धत आहे ना, पाच फासे टाकायचे, ७७७६ शब्दांतला एक निघतो. प्रत्येक शब्दाला १२.९ बिट. सहा शब्द घेतले की ७७ च्या वर जातो. लक्षात ठेवायला तर याच्यासारखं दुसरं नाही.

पाईपवाला

आधी 'यादृच्छिक' रोमनमध्ये कसं लिहायचं यावर सदस्यांचं एकमत करा, मग यादी.

खोडरबर

त्यावर वेगळा धागा काढा. शतक नक्की.

कर्सर_लुकलुक

धागा भरकटला तरी मजा येतेय. अर्धविराम, शब्दांची कल्पना चांगली आहे, पण ती डोक्यात ठेवायच्या एक-दोन पासवर्डांसाठी. माझे पासवर्ड कोणी लक्षात ठेवत नाही, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये जातात. कधीतरी सर्व्हरसमोर उभं राहून हाताने टंकावे लागतात, तेवढंच. तेव्हा मात्र शून्य की ओ, एक की एल यात चार-पाचदा चुकलोय.

मूळ_वापरकर्ता

क्लिपबोर्डचं बोलायचं राहिलं. ते अजिबात घालू नका. एका बैठकीत पडदा सगळ्यांना दाखवत असताना मी चिकटवा दाबलं आणि उत्पादन सर्व्हरचा पासवर्ड गप्पांच्या खिडकीत. ज्याला हवंय तो तुमचं आउटपुट पाईपमधून क्लिपबोर्डच्या आज्ञेला देईल.

पण पाईपवरून आठवलं, शेवटी नवी ओळ छापता का? टर्मिनलवर ती हवी, नाहीतर प्रॉम्प्ट पासवर्डला चिकटतो. फाइलमध्ये किंवा पाईपमध्ये गेली तर काही प्रोग्राम ती पासवर्डचाच भाग धरतात. आउटपुट टर्मिनलवर असेल तरच नवी ओळ छापा. इझअॅटी विचारायचं, एक ओळीचं काम. हा एक 'फीचर' मी मान्य करेन.

सुमेधा_संकलक

कर्सर_लुकलुक, तुमच्या शून्य-ओ वरून एक सुचलं. फक्त छोटी अक्षरं घ्या, २६. एल आणि ओ वगळा, २४. अंकांतून ० आणि १ वगळा, उरले ८. मोजा किती झाले.

बिटकाका

३२! क्या बात है. अक्षरामागे नेमके ५ बिट. २५६ ला ३२ ने निःशेष भाग जातो, म्हणजे लाड नाहीत, फेकाफेकी नाही. वीस अक्षरांत बरोबर १०० बिट.

मूळ_वापरकर्ता

शिफ्टची कळही लागत नाही. फोनवर टंकणाऱ्यांचे आशीर्वाद मिळतील. डग्लस क्रॉकफर्डच्या बेस-३२ मध्येही असंच छाटकाम आहे, तिथे आय, एल, ओ आणि यू वगळलेत. यू का, तर चुकून अचकट शब्द बनू नयेत म्हणून.

खोडरबर

माझ्या पासवर्डने शिवी दिली तर मला चालेल. निदान लक्षात तरी राहील.

कर्सर_लुकलुक

केलं. बाइट घ्यायचा, खालचे पाच बिट ठेवायचे, यादीतलं अक्षर छापायचं. २४८ ची तपासणी गेली, फाइल उघडणं गेलं, गेटएन्ट्रॉपी आलं आणि त्याचा परतावा तपासला. लांबीचा आकडाही काढून टाकला. त्यासाठी आकडा वाचा, ऋण आहे का बघा, फार मोठा आहे का बघा, अशा अकरा ओळी होत्या. आता नेहमी वीस. जास्त हवीत त्याने दोनदा चालवावा. कमी हवीत त्याने आपलं आपण कापावं. इझअॅटीची ओळ धरून एकोणीस ओळी.

पाईपवाला

एकोणीस म्हणजे माझ्यापेक्षा अठरा जास्तच. पण ठीक, वाचनखूण साठवली.

चिन्हप्रेमी

शेपूट डकवायचा फ्लॅग तरी ठेवा हो. एकच फ्लॅग.

कर्सर_लुकलुक

नाही. ;)

शून्यवादी

परत आलो. डेट आणि एमडी५ वाले सगळे पासवर्ड बदलले. एक जुनी झिप फाइल राहिली होती, तिचा पासवर्ड कुठेच लिहिलेला नव्हता. कोणत्या दिवशी बनवली ते फाइलवर दिसत होतं. मूळ_वापरकर्ता यांचा प्रतिसाद आठवला, त्या दिवसाचे ८६,४०० सेकंद एकेक करून चालवले. खुर्चीतून उठून येईपर्यंत उघडली होती.